तू म्हणायची परीक्षा

इस्पितळाच्या एक्स-रे विभागात तिला सगळे श्वासबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. दिवसभर काचेआडून तिचं एकच पालुपद चालायचं, "श्वास घ्या. रोखा. सोडा." आठ वर्षांचं पोर असो की ऐंशीचे आजोबा, बाई सगळ्यांना सरसकट अहोजाहो करायची. वीस वर्षं हेच केल्यावर जिभेला तेच वळण पडणार, त्यात तिचा काय दोष!

पदवीचं घोडं मात्र एकाच पेपरावर अडलं होतं. परकीय भाषा, तोंडी परीक्षा. ऐन परीक्षेच्या तोंडावर आई अंथरुणाला खिळली आणि तो पेपर राहिला तो राहिलाच. आईने पदवीच्या फ्रेमसाठी भिंतीवर खिळा ठोकून घेतला होता. त्यावर आता कॅलेंडर लटकत होतं, आणि आईला जाऊन चार वर्षं झाली होती. यंदा कॉलेजचं पत्र आलं : जुन्या विद्यार्थ्यांना ही शेवटची संधी. बाईने मुकाट्याने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

शब्द तिने धडाधड पाठ केले. अडचण वेगळीच निघाली. शिकवणारे सर म्हणाले, "परीक्षेत जोडी लावतात. दोन मैत्रिणी गप्पा मारतायत असं समजायचं. त्या भाषेतही आपल्यासारखं तू वेगळं, तुम्ही वेगळं. मैत्रिणीला तुम्ही म्हणालात, की मार्क गेलेच म्हणून समजा."

आता तू म्हणायचा सराव करायचा कुणाबरोबर? कामावर ती मॅडम, शेजारी काकू. भाऊ ना बहीण. विचार करता करता बाईच्या लक्षात आलं, आई गेल्यापासून आपल्याला कुणी तू म्हटलेलंच नाही. शेवटी ती फ्रिजसमोर उभी राहिली आणि त्या भाषेत म्हणाली, "तू कशी आहेस?" फ्रिज नुसता घरघरला. तिला आधी हसू आलं, मग रडू आलं.

परीक्षेत तिची जोडी विशीतल्या एका मुलीशी लागली. मुलीने झोकात सुरुवात केली. "तू कुठे राहतेस? तुझ्या घरी कोण कोण असतं?"

"मी. एकटीच." एवढं बाईला बिनचूक आलं.

मग तिची पाळी आली. पहिल्याच प्रश्नात 'तुम्ही' निसटलं. परीक्षक बाईंचं पेन हललं. दुसऱ्या प्रश्नातही तेच. पुन्हा पेन. आता संपलंच, असं तिला वाटलं. तेवढ्यात मुलगीच उत्तर देता देता अडकली. ओठ कोरडे, श्वास वरच्या वर अडकलेला. असे चेहरे बाईने काचेपलीकडे हजारो पाहिले होते. परीक्षा, मार्क, सगळं विसरून ती पुढे वाकली आणि त्या परक्या भाषेत म्हणाली, "श्वास घे. रोख. सोड."

मुलीने श्वास सोडला. पेन थांबलं. त्यानंतर बाईचं 'तू' एकदाही चुकलं नाही.

"दोघीही पास," परीक्षक बाई हसून म्हणाल्या.

जिन्यात मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही होतात म्हणून वाचले हो मी!"

"आता मला तू म्हणायला काय झालं?"

"अय्या, ते तिथल्यापुरतं! आपल्या भाषेत कसं म्हणू? तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या."

"आणि आईला काय म्हणतेस?"

"आईला तूच की!" मुलगी हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "अगं आई, पास झाले! खरंच गं! तू जेवलीस का? थांबू नकोस माझ्यासाठी, तू जेवून घे..." बोलत बोलत ती पायऱ्या उतरून गेली.

बाईकडेही सांगायला तीच बातमी होती. कठड्याला धरून ती, त्या मुलीचं बोलणं ऐकू येईनासं होईपर्यंत, तिथेच उभी राहिली.