मामाजींनी काढलेली मुलींची शाळा

अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि आमच्या अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ती अमेरिका कोणत्या दिशेला आहे हे घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. पण सासूबाई दिवा लावताना तिथल्या लोकांसाठीही हात जोडू लागल्या.

माझे सासरे कापसाचे अडते. आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू. हातात पैसा खेळू लागल्यावर कोणी देऊळ बांधले, कोणी लेकाच्या वरातीत हत्ती आणला. मामाजींनी मात्र मुलींची शाळा काढायचे ठरवले.

"पोट्टी शिकली का घर सुधरते, घर सुधरलं का गाव सुधरते, अन् गावं सुधरली का अख्खं वऱ्हाड," असे ते जेवताना सांगत. त्यापुढे हिंदुस्थानही सुधारला असता, पण तेवढ्यात बहुधा ताक वाढायची वेळ होई.

पुरुष मास्तर नको आणि शिकवणारी बाई कुठे मिळेना, म्हणून माझी आठवण झाली. वडिलांच्या हौशीने मी अंजनगावला लिहाय-वाचायला शिकले होते. लग्न ठरताना ही गोष्ट एखाद्या व्यंगासारखी लपवली होती. आता मामाजी येईल त्याला सांगू लागले, "आमची सून वाचते, बरं!"

शाळा उघडली, पण मुली येईनात. त्या का येत नाहीत याचे उत्तर मामाजींपाशी तयार होते. कापूस उघड्यावर राहिला की मळतो, गाठ बांधून झाकला की टिकतो. मुलींचेही तसेच. "रस्त्यानं जानारे-येनारे पाह्यतात, म्हनून मायबाप धाडत नाईत."

"कोणाला विचारलंत का, मामाजी?" मी पदर सावरत म्हणाले.

"इचारायचं काय त्यात? उघडच हाये."

तेव्हा भिंत उठली. उंच, दगडी, किल्ल्याला शोभेल अशी. दार मागच्या गल्लीत काढले. मुलींना आणायला दमणी ठेवली, पडदा लावलेली हलकी बैलगाडी. पहिल्या दिवशी दमणी खच्चून भरून आली. मुली उतरल्या, दारातून आत डोकावल्या आणि हसत-खिदळत पायीच घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दमणीत हजर! बैलांच्या मागे पडद्यात बसून गावातून फिरायला मिळते, ही कीर्ती चांगलीच पसरली होती. आत माझ्यासमोर बसत त्या घरच्याच दोघी-तिघी भाच्या, त्याही पेंगत.

मामाजींनी विचार करून निदान केले की भिंत कमी पडते. ती आणखी चढवली.

मागच्या गल्लीत मामाजींच्याच कापसाच्या छपऱ्या होत्या. तिथे बाया रेच्यावर बसत. लाकडी रुळांतून कापूस ओढून सरकी वेगळी करीत. त्यांतल्या एकीची मुलगी कडेवर भाऊ घेऊन रोज शाळेच्या दारात उभी राही आणि पोर रडले की निघून जाई. शेवटी मी तिच्या आईपाशी गेले. ठसठशीत कुंकू लावलेली कुणब्याची बाई, बोलायला रोखठोक.

"पोरीला पाठवा ना शाळेत," मी म्हटले. "आत कोणी पाहत नाही. एवढी भिंत आहे."

"भितीले काय चाटू, बाई?" रेचा न थांबवता ती म्हणाली. "मी इथं बसली का लहान्याले पोट्टीच सांबायते. ते तिकडे गेली तं त्याले कोन घेईन, तुमचा सासरा?"

शेजारच्या रेच्यावरची मुसलमान बाई हसता हसता ठसकली. तिच्याही दोन मुली घरी धाकट्यांना सांभाळत होत्या.

मी मामाजींना म्हटले, शाळेत पाळणे टांगू. ते दचकलेच. "मी पैसा शाळेले देल्ला, पाळन्याले नाई. लोक काय म्हन्तीन? बाळंतिनीची खोली काढली म्हन्तीन!"

सासूबाई हे सगळे ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या तागाचे तरट आणि दोऱ्या घेऊन शाळेत आल्या आणि अंगणातल्या कडुलिंबाला ओळीने झोळ्या बांधल्या. "एवढी उंच भित बांधून ठेवली ह्यायनं," त्या म्हणाल्या. "बाहेरून कोनाले काय दिसते!"

महिन्याभरात शाळा भरली. मुली एका हाताने पाटीवर गिरवीत आणि दुसऱ्या हाताने झोळीची दोरी ओढीत. बाहेर मामाजी चारचौघांत सांगत, "भिंत वाढवली अन् पोट्ट्या येऊन राह्यल्या."

मग अकोल्याचे एक कापूसवाले शेठ शाळा पाहायला आले. मामाजी खाकरत त्यांना घेऊन अचानक आत शिरले. मुली घाबरल्या. प्रत्येकीने आपापले पोर झोळीतून उचलून मांडीवर घेतले. पाहुण्यांसमोर पाटी-पोरांसकट अख्खा वर्ग.

मामाजींचा चेहरा पडला. पण पाहुणे भारावून गेले. "वा! शिक्षणासंगं संसाराचंही वळण! हे कोनाच्या डोक्यातून निघालं?"

"तसं... आमचा आधीपासून तोच इचार होता," मामाजी म्हणाले.

पुढच्या हंगामात त्या शेठजींनी अकोल्यात शाळा काढली आणि आम्हाला बोलावले. मामाजी, सासूबाई आणि मी दमणीने गेलो. भिंत आमच्याहून उंच होती. आत मुली रांगेत बसलेल्या आणि प्रत्येकीच्या मांडीवर एकेक बाळ. त्या शाळेचा तो नियमच होता. बाळ आणल्याखेरीज प्रवेश नाही. ज्यांना धाकटे भावंड नव्हते त्यांनी शेजारचे उसने आणले होते. एकीच्या मांडीवरचा गडी तर चांगला चालता-बोलता होता आणि खाली सोडा म्हणून भांडत होता.

परतीच्या वाटेवर मामाजी पोट धरून हसले. "काय मानूस हाये! काहून पोरं आनली, ते इचारलंच नाई कोनाले!" मग एकदम मागे वळले.

"तू मले हसून राह्यली का?" त्यांनी मला विचारले.

"नाही, मामाजी."

"मी हसून राह्यली," सासूबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर ते आपणहून रेच्यांच्या छपरीत गेले. मीही मागे उभी होते. "शाळेत अजून काय पायजे, सांगा," ते बायांना म्हणाले. बायांनी एकमेकींकडे पाहिले. मालक आपणहून विचारतो, म्हणजे मजुरी कापणार, अशीच त्यांची समजूत झाली. शेवटी ती कुंकवाची बाई बोलली, "पोट्ट्यायले वजन शिकवा. मन, शेर, काटा कसा पाह्यचा, ते."

बायांची मजुरी सरकी काढलेल्या रुईच्या वजनावर ठरे आणि काटा मामाजींच्या दुकानातला. ते मान खाजवू लागले. "वाचन बरं असते पोरींले. वजन काहून?"

"तुमीच तं इचारलं, मालक."

मामाजी दोन दिवस दुकानातल्या काट्याभोवती घुटमळत राहिले. घर, गाव आणि वऱ्हाड सुधारायला त्यांची ना नव्हती. फक्त ती सुधारणा आपल्या दुकानाच्या पायरीशी येईल हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातला एक जुना तराजू शाळेत धाडला. निरोप असा, की शिकवायचे तर नीट शिकवा.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळला, दमणी विकली गेली. मुली पायी येऊ लागल्या. दर आठवड्याला दुकानात वजन होताना आयांच्या शेजारी त्या उभ्या राहत, काट्यावर नजर रोखून. मुनीमजी वैतागत. मामाजी गादीवरून उठून येत, चष्मा पुसत आणि त्यांच्यासोबत वाकून काटा पाहत.