सटवाईपुढचं पत्रक

लोहा गावी ताईच्या बाळाची पाचवी होती. त्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि पेन ठेवतात. घरात कोरा कागद सापडेना, तेव्हा ताईनं माझ्या पिशवीतलं अंधश्रद्धाविरोधी प्रचाराचं पत्रक काढून पालथं मांडलं. 'नशीब कोणीही लिहीत नाही' असं मीच त्यावर छापून घेतलं होतं.

मी भडकलो. "ताई, माणसाचा स्वभाव जनुकांतून येतो, मेंदूतून येतो. देवी काय लिहिणार?"

"म्हंजे लिहिलेलं हायच की," ताई म्हणाली. "मग माझ्या सटवाईनं तुझं काय घोडं मारलंय? तिला निदान नवस तरी बोलता येतो."

माणूस स्वतंत्र आहे, असं मी गावोगाव ठणकावून सांगतो. ते स्वातंत्र्य मेंदूत नेमकं कुठं असतं, हे मात्र मला सांगता येईना. चिडून पत्रक उचलायला वाकलो, तर ताईच्या मांडीवरच्या बाळानं माझं बोट घट्ट धरलं. ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया, हे मला ठाऊक होतं. तरी बोट सोडवून घ्यावंसं वाटेना. हे मी ठरवलं, की माझ्या आत आधीच ठरलेलं होतं? त्या एवढ्याशा मुठीकडं मी बघतच राहिलो. पत्रक तिथंच राहिलं, कोरी बाजू वर.