कर्स्टीची तीन मिनिटं

बेरिल औथवेटने शाळेच्या जेवणघरात उभा जन्म पोरांना वाढण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर तिला घर खायला उठलं, कारण नवरा आधीच गेलेला आणि मुलगी ऑस्ट्रेलियात. मग तिने बंदराजवळच्या जुन्या प्रार्थनाघराचा हॉल भाड्याने घेतला आणि ज्या पोरांपुढे शाळेने हात टेकले होते त्यांच्यासाठी तिथे क्लब उघडला. क्लब म्हणजे काय, तर बिलियर्ड्ससारखा पूल खेळायचं एक टेबल, दोन फाटके सोफे, टोस्ट, बीन्स आणि बेरिल. पोरं यायची ती मुख्यतः ऊब मिळते म्हणून. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. जानेवारीत स्वतःच्या घरात कोट घालून बसणारी माणसं त्या गावात पैशाला पासरी होती.

अनुदान देणाऱ्यांना मात्र नुसत्या उबेचं कौतुक नव्हतं. त्यांना दरवर्षी काहीतरी नवं हवं असायचं. म्हणून बेरिलने एका वर्षी पोरांना ढोल शिकवले, एका वर्षी मधमाशा पाळल्या. मधमाशा मेल्या, पण हॉलचं भाडं निघालं.

बेरिलची एक शिस्त होती. ती कुणाला घरचं विचारायची नाही. पोराने तिच्यासमोर घरच्या हालांबद्दल तोंड उघडलं, तर बालसंरक्षणवाल्यांना कळवणं तिला नियमाने भाग होतं, आणि ते एकदा दारात आले की पुढचं कुणाच्याच हातात राहत नसे. हे पोरांनाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून सोळा वर्षांची कर्स्टी निघताना चार टोस्ट कागदात गुंडाळायची, आणि बेरिल तेवढा वेळ किटलीकडे तोंड करून उभी राहायची. कर्स्टीला कोरी नावाचा सहा वर्षांचा भाऊ आहे, एवढंच बेरिलला माहीत होतं. त्यापुढचं तिने माहीत करून घेतलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात हॉल गरम ठेवणारा बॉयलर कायमचा बंद पडला. नवा घ्यायला क्लबकडे दमडी नव्हती, आणि थंडगार हॉलमध्ये पोरं येईनात. उरली फक्त टाउन हॉलमधली मतांची संध्याकाळ. गावकऱ्यांनी यायचं, सूप प्यायचं, चार संस्थांनी तीन-तीन मिनिटं बोलायचं आणि जिला जास्त मतं तिने सगळं अनुदान न्यायचं. ही पद्धत कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली देव जाणे. चार भुकेल्यांना एका ताटावर सोडायचं आणि त्याला लोकसहभाग म्हणायचं!

बेरिलला चारचौघांत बोलता येत नसे. कर्स्टी स्वतःहून मी बोलते म्हणाली. टोस्टबद्दल बोल, पूलबद्दल बोल, घरचं काही नको हं बाळा, असं बेरिलने तिला दहादा बजावलं.

त्या संध्याकाळी कुत्र्यांच्या अनाथालयवाल्यांनी तीन पायांचा एक कुत्राच मंचावर आणला. अख्खा हॉल विरघळला. बायकांनी रुमाल काढले.

"संपलं," कर्स्टी बेरिलच्या कानाशी म्हणाली. "आपल्या टोस्टला आता कोण विचारतंय?"

मग तिचं नाव पुकारलं. टोस्ट आणि पूल मिनिटभरात उरकले. कुणीतरी सूप ढवळत होतं. कर्स्टी जरा थांबली, हॉलभर नजर फिरवली आणि बोलू लागली.

"माझी आई तीन-तीन दिवस घरी येत नाही. आली तरी शुद्धीत नसते. कोरीला मीच बघते. तो झोपला की मी बाहेरून कुलूप लावते आणि चिप्सच्या दुकानात कामाला जाते. क्लबमधून टोस्ट नेते ते त्याच्यासाठी."

याचा शेवट कुठे होणार ते बेरिलला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. उठावं, पोरीला हात धरून खाली आणावं, असं तिला वाटलं. ती उठली नाही. बॉयलर तिच्याही डोळ्यांसमोर होता.

मतं भरभरून पडली. कर्स्टी हसत खाली आली आणि बेरिलच्या गळ्यात पडली. आयुष्यात पहिल्यांदाच ती काहीतरी जिंकली होती.

सकाळी बेरिलने फोन केला. न करून भागणार नव्हतं. आता कानांवर हात ठेवण्याची सोय राहिली नव्हती, आणि कुलपाआड एकटं झोपणारं पोर ही डोळेझाक करण्यासारखी गोष्टही नव्हती. आठवड्याच्या आत कोरीला दूरच्या शहरात अनोळखी कुटुंबाकडे ठेवलं. कर्स्टीला वसतिगृहात खोली मिळाली. ती क्लबला यायची बंद झाली.

नवा बॉयलर बसला. पोरं परतली, अंगातले कोट काढून खेळू लागली. बेरिलचा फोटो गावच्या पेपरात आला. तो तिने पाहिलासुद्धा नाही.

मार्चमध्ये एका गुरुवारी कर्स्टी दारात आली. आत ये म्हटलं तर उंबऱ्यावरच उभी राहिली.

"फोन तूच केलास ना?"

"हो."

"तुला करावाच लागणार होता. त्याचं मला काही नाही."

बेरिलला रडू आवरेना. "मी तुला वेळीच खाली उतरवायला हवं होतं गं."

"माहितीये," कर्स्टी म्हणाली. "बोलताना मी तुझ्याकडेच बघत होते."

ती वळली आणि बंदराच्या रस्त्याला लागली. थंडी येतेय, दार लाव, असं आतून कुणीतरी म्हणालं. बेरिलने दार लावलं.