मारेगावच्या गाडीत न चढलेली म्हातारी

सिनेमात कोणी जड सूटकेस घेऊन जिना चढू लागलं की मी आधी त्याचं मनगट बघतो. सूटकेस रिकामी असते. चहाही रिकाम्या कपातून पितात. गोष्ट आमच्याकडची असली तर दोन ठिकाणी ‘मले-तुले’ पेरतात, बाकी बोलणं सगळं पुण्याचं. बायको म्हणते, तुमच्यासोबत पिक्चर पाहणं म्हणजे हवालदाराच्या बाजूला बसणं. तरी यवतमाळला नवीन पिक्चर लागला की राळेगावहून मी जातोच.

मोटार रिवायंडिंगचं दुकान सांभाळून मी मोबाईलवर छोट्या फिल्म बनवतो. त्यातली एकच मला स्वतःला आवडते. एक म्हातारी बस स्टँडवर येते, मारेगावची गाडी कधी लागते ते विचारते. गाडी लागते, पण ती चढत नाही. म्हातारीचं काम आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या आत्याने केलं होतं.

मागच्या वर्षी पुण्याचा एक तरुण शूटिंगसाठी जागा शोधत आमच्या गावात आला. मी त्याला गाडीवर फिरवलं, घरी जेवू घातलं आणि निघताना ती फिल्म पेनड्राइव्हवर टाकून दिली. पाहून कळवतो म्हणाला. कळवलं काही नाही, आणि पुढे माझा फोनही उचलेना.

यंदा यवतमाळच्या थिएटरात एक मराठी पिक्चर पाहत होतो. मध्यंतरानंतर पडद्यावर बस स्टँड आला. बाकावरच्या म्हातारीने गाडीची चौकशी केली आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. गाडी लागली. म्हातारी जागची हलली नाही. शेवटी पाट्या सुरू झाल्यावर लोक उठले, मी उभा राहून नावं वाचत गेलो. सहायकांमध्ये त्या तरुणाचं नाव होतं.

पुढच्या रविवारी मी आत्याला साक्षीदार म्हणून घेऊन गेलो. तिला काही सांगितलं नाही. तो प्रसंग आला तेव्हा मी पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत होतो. ती पदराने डोळे पुसत होती.

बाहेर आल्यावर विचारलं, “आत्या, तुले काही ओळखीचं वाटलं का?”

“वाटलं ना. स्टँडवरची बाई.”

“मंग? चोरली ना त्यानं आपली गोष्ट?”

“चोरली कायले म्हणतं? मीच सांगतली त्याले. तू दुकानात गेलता तवा. आमच्या गावात होती एक तशी बाई. माहेरी कोणी उरलं नोयतं, तरी माहेरच्या गाडीसाठी स्टँडवर येऊन बसे.”

मलाही ती बाई आत्यानेच सांगितली होती. फिल्म बनवता बनवता ती मलाच सुचली, असं मी धरून चाललो होतो.

थोडं चालल्यावर आत्या म्हणाली, “तुह्या पिक्चरमंदी मी नुसती बसून होती. काहून बसली ते समजे नाई. याच्यात समजते.”

ते मला लागलं. आणि लगेच दुसरा संशय आला. भांडण नको म्हणून तर ही त्याला वाचवत नसेल? घरी आल्यावर आडून आडून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं, तेही इतकं सारखं, की पाठ केल्यासारखं वाटलं.

दिवाळीनंतर त्या तरुणाचा स्वतःहून फोन आला. “दादा, पुसदकडे जातोय. थोडी वाट वाकडी करून तुमच्याकडे येऊ का? आत्यांनाही भेटायचंय.” माझ्या फिल्मबद्दल एक शब्द नाही. नाही म्हणायचं ठरवलं होतं, तोंडातून “या” निघालं.

आत्याला मी आधीच बजावलं, पाण्यापावसाचं बोल, कापसा-पऱ्हाटीचं बोल, गोष्टी सांगू नको. ती हो म्हणाली. तो आला, चहा झाला, आणि त्याने खुर्ची आत्याजवळ ओढली. दुकानातून दोनदा बोलावणं आलं. मी दुकानातल्या पोराला परत पाठवलं आणि तिथेच बसून राहिलो.

आत्या म्हणाली, “आमच्या गावात ना, अजून एक माणूस होता.”

मी कान देऊन ऐकू लागलो. हा माणूस तिने मला कधीच सांगितला नव्हता.