दुसऱ्या यादीची वाट

ती घटना आठवली की आजही हायसं वाटतं. मी तेव्हा घाटंजी भागात ठाणेदार होतो. कापसाचे ते वाईट दिवस. फवारणीचं औषध पिऊन जीव दिल्याच्या नोंदी आम्हा पोलिसांच्या रोजच्याच झाल्या होत्या.

सकाळीच एक बाप ठाण्यात आला. बारावी झालेली मुलगी पहाटेपासून बेपत्ता, आणि घरातली औषधाची बाटलीही. डीएडच्या पहिल्या यादीत तिचं नाव लागलं नव्हतं, मार्क थोडे कमी पडले होते. पोरगी मास्तरीण होणार, असं बापाने गावभर सांगून ठेवलं होतं. मी मिसिंगची नोंद घेतली आणि शिपाई विहिरी बघायला पिटाळले. खरं सांगतो, मनातून मी हात टेकले होते.

दुपारी स्टँडवरच्या पानठेलेवाल्याने खबर दिली, की ती एका मैत्रिणीसोबत दिसली होती. मैत्रिणीला आईसह बोलावलं, महिला शिपायाला जवळ बसवलं. मैत्रीण काही सांगायला तयार नव्हती. पण ती रडत नव्हती, उलट आमच्यावर चिडली होती. वाईट घडल्याचं ठाऊक असलेलं माणूस असं चिडत नाही. माझ्या जिवात जीव आला. हरवलेल्या पोरीचा बाप बाहेर बसलाय, एवढंच मी म्हणालो, तशी ती बोलली.

“साहेब, थे मराले नाई गेली. यवतमाळले दुसरी यादी पाहाले गेली. नाव नाई लागलं तं बाबाले पुन्हा धक्का बसंल, म्हणून सांगू नको म्हणे.”

“मग बाटली कशाला नेली?”

“बाबा कोणासंग बोलून नाई राह्यला. थे बाटली अन् बाबा एका घरात कसे ठेवू, म्हणे.”

मी लगेच यवतमाळच्या पोलीस ठाण्याला फोन लावला. जास्त मार्कांची मुलं इंजिनिअरिंगकडे वळली की डीएडची यादी खाली उतरते, हे त्या पोरीला ठाऊक होतं, बापाला नव्हतं. ती कॉलेजच्या फलकासमोरच सापडली. नाव यादीत होतं, आणि पिशवीतली बाटली सीलबंद होती.

बापाला सगळं सांगितलं. प्रवेश मिळाल्याचं ऐकूनही तो हसला नाही. खाली बघत म्हणाला, “म्हंजे माह्या मनात काय होतं, थे तिले समजलं होतं.” मग हमसून हमसून रडला. मीही तोंड फिरवून डोळे पुसले.

आम्ही ज्याला तक्रारदार म्हणून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, जपायचा माणूस तोच होता. पुढे कुणाचं पोर हरवल्याची तक्रार आली, की कागद पुढे ओढण्याआधी मी समोरच्या माणसाला विचारायचो, “जेवलात का?”