ओलं भंगार

ओतकामाच्या कारखान्यात त्याला पाठीमागे सगळे फुफाटा म्हणत. तोंडावर म्हणायची छाती फक्त धाकट्या भावाची. आईबापामागे यानंच त्याला वाढवलं होतं, मारूनमुटकून का होईना. माणूस असा, की आधी हात उचलणार आणि मग काय झालं म्हणून विचारणार.

कोळशाची भट्टी त्यानं आयुष्यभर पोसली. कोळशाचा थर, वर लोखंडाचं भंगार, पुन्हा कोळसा. भंगार ओलं असलं तरी बिघडत नसे. खाली सरकता सरकता ते आपोआप वाळायचं. मग मालकानं ती भट्टी मोडीत काढली. तिच्या धुराड्यातून जाणाऱ्या वायूनं पृथ्वी तापते, यापुढे लोखंड विजेवर वितळवायचं, असं त्यानं सगळ्यांना बोलावून सांगितलं. फुफाट्यानं डोक्यात राख घालून घेतली. भट्टी तोडायला आलेल्या मजुरावर घण उगारला. लोकांनी धरलं म्हणून त्या बिचाऱ्याचं डोकं शाबूत राहिलं. धाकटा नव्या भट्टीचं काम शिकून आला, तर त्याचा दात पाडला.

नवी भट्टी म्हणजे उघड्या तोंडाचं भांडं, आत लोखंडाचा उकळता रस. त्या दिवशी आवारातला नळ फुटून भंगार भिजलं होतं. फुफाट्यानं पाटी उचलली. धाकटा भट्टीच्या तोंडाशी रसावर तरंगणारी मळी काढत होता.

“दादा, ते ओलं आहे. वाळू दे.”

“मला शिकवतोस?” म्हणत त्यानं पाटी ओतली.

रसाखाली सापडलेल्या पाण्याची क्षणात वाफ झाली आणि भट्टी फुटल्यासारखी उसळली. छताचे पत्रे उडाले. धाकटा तोंड दाबून जमिनीवर लोळत होता, सदरा पेटलेला. फुफाट्यानं तो नुसत्या हातांनी ओरबाडून काढला. तळव्यांची सालटी निघाली. धाकट्याचा एक डोळा गेला.

बऱ्याच महिन्यांनी धाकटा कामावर परतला, तेव्हा हा फाटकातच उभा होता.

“मार मला,” म्हणाला.

धाकट्यानं मारलं. नाक फुटलं, ओठ फाटला, तरी मारत राहिला. फुफाट्यानं हात पाठीमागे बांधून ठेवले होते. शेवटी धाकटाच दमला.

“आजचं भंगार कोरडं आहे?” त्यानं धापा टाकत विचारलं.

“तुकडा न् तुकडा बघितलाय.”

धाकट्याला पटेना. जळक्या तळव्यांना ओल कळणार कशी? मग भावाच्या रक्ताळलेल्या गालाकडे त्याचं लक्ष गेलं. गालभर ओरखडे होते, आणि त्यांत गंज भरला होता.