बुधवारी उपटलेले पऱ्हे

बारावी सायन्सला मला सत्तेचाळीस टक्के मिळाले आणि माझ्या बापानं गावभर पेढे वाटले. बाबा चौथी शिकलेले. त्यांच्या लेखी पास म्हणजे पास, त्यात वरचा-खालचा असं काही नसतं. आरमोरीहून आणलेला डबा घेऊन ते घरोघर फिरले आणि मी आतल्या खोलीत तोंडावर ओढणी घेऊन पडून राहिले. विहारात दरवर्षी पास झालेल्या पोरांचा सत्कार असतो, तिथंही त्यांनी माझं नाव आधीच देऊन टाकलं होतं. पोट दुखतं म्हणून मी गेले नाही, तर माझ्या वाटणीचं गुलाबाचं फूल आणि वही बाबा स्वतःच घेऊन आले, वर फोटोही काढून आले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. असा राग नाकावर घेऊन फिरणारी पोरगी होते मी.

मला नर्स व्हायचं होतं. पहिल्या यादीत नाव लागलं नाही. कसं लागणार, फिजिक्समध्ये मी कशीबशी निघालेली. दुसऱ्या यादीत मात्र लागलं, गडचिरोलीच्या एका नर्सिंग शाळेत. गुरुवारी सगळे कागद घेऊन हजर व्हायचं, तोच शेवटचा दिवस.

तोवर मी आरमोरीच्या एका कापडाच्या दुकानात काम पक्कं करून बसले होते. पुढच्या सोमवारपासून ये, म्हणाले होते. साड्या काढून दाखवायच्या, परत घड्या घालायच्या. तिथं कोणी पेपर काढणार नव्हतं, कोणी निकाल लावणार नव्हतं, हेच मला सगळ्यात आवडलं होतं. आज सरळ सांगते, मला भीती वाटत होती. पुन्हा तीन वर्षं शिकायचं आणि पुन्हा कमी पडायचं, बाबांनी पुन्हा पेढे वाटायचे, हे माझ्यानं झालं नसतं. पण भीती वाटते असं कोण सांगतं? मी सांगायची, आईचा हात मोडलाय, घरी कोणीतरी पाहिजे ना. ते खोटं नव्हतं. आई शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून घसरून पडली होती आणि तिच्या मनगटाला प्लास्टर होतं.

आमच्याकडं रोवणीला, म्हणजे धानाची लावणी करायला, बारा-तेरा घरच्या बायका एकमेकींच्या बांधीत, धानाच्या खाचरात जातात. आज हिची रोवणी, उद्या तिची. मजुरी कोणी घेत नाही, तुझ्या चिखलात मी एक दिवस वाकले की माझ्या चिखलात तू एक दिवस वाकायचं. कोणाची पाळी कधी, हे मोठी आई ठरवायची. ती नात्यानं आमची कोणी नव्हती, दोन घरं सोडून राहायची, पण अख्खा मोहल्ला तिला मोठी आई म्हणायचा आणि तिच्या तोंडाला घाबरायचा. त्या वर्षी आईच्या जागी मी जात होते. गुरुवारी पाळी मोठ्या आईची होती आणि शनिवारी आमची. सोमवारीच ती मला म्हणाली, "गुरुवारी तू माया बांधीत येऊ नको. गडचिरोलीले जा." झालं, माझं कारणच गेलं.

बुधवारी बाबा आईला घेऊन दवाखान्यात गेले, प्लास्टर दाखवायला. घरी मी एकटी. आमच्या बांधीत चिखलणी झालेलीच होती, ट्रॅक्टर मिळतो तेव्हा करून घ्यावी लागते. राहिले होते पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं. ती एकदा उपटली की थांबत नाहीत, दुसऱ्या दिवशी चिखलात गेलीच पाहिजेत, नाही तर पिवळी पडतात. हे आमच्याकडं पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. मी सकाळी वाफ्यात उतरले आणि मुठीमुठीनं उपटायला लागले. उपटायचं, मुळं पाण्यात खळबळून धुवायची, पेंढी बांधायची. कंबर मोडून आली. दिवस कलला तेव्हा सगळे पऱ्हे पेंढ्या होऊन धुऱ्यावर पडले होते आणि आमची रोवणी गुरुवारवर आली होती. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

आई आली, तिनं पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "अवं, हे काय करून ठेवलीस? आपली पाळी शनवारी हाय ना?"

"मले गुरुवार वाटला," मी म्हटलं.

बाबा कावरेबावरे होऊन मोठ्या आईकडं गेले. ती काही बोलली नाही म्हणे. स्वतःची पाळी तिनं शनिवारवर ढकलली, घरोघर निरोप गेला आणि सकाळी सगळ्या बायका आमच्या बांधीवर हजर झाल्या. मीही ओढणी कमरेला बांधून चिखलात उतरले. आता मला कोण हलवतं?

मोठ्या आईनं हातातली पेंढी खाली ठेवली. "तू कुठी उतरून राह्यली वो? बस निघून जाईन तुयी."

"मी कशी जाऊ? आईचा हात पाहा. घरचं कोणी रांगेत नको का?"

"तुया आईचा एक हात शाबूत हाय. ते धुऱ्यावर उभी राहून पेंढ्या फेकन. अन् तुयी रोवणी आमी पाह्यली हाय दहा दिवस. तू रोवली का पुन्हा मलेच सरळ करा लागते."

सगळ्या हसल्या. मी भडकले. घरची पाळी असताना घरचंच माणूस गेलं तर लोक काय म्हणतील, असं काहीतरी मी तावातावानं बोलले. ती चिखल तुडवत माझ्याजवळ आली, माझा दंड धरला आणि मला धुऱ्यावर नेऊन उभी केली. हळूच म्हणाली, "पाय धू. जा." त्या आवाजापुढं माझा राग चालला नाही.

धुऱ्याच्या टोकाला बाबा उभे होते, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. प्रत्येक कागदाच्या चार-चार झेरॉक्स काढल्या होत्या त्यांनी. आम्ही दोघं बसनं गडचिरोलीला गेलो. त्या दिवशी माझे कागद जमा झाले. आज मी अहेरीकडं एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि लोक मला हुशार समजतात. समजू देत. मी मात्र त्या बारा-तेरा बायकांचे उपकार मोजायला बसले तर मला मोजताच येत नाहीत. माझ्या भीतीपायी त्यांची आठवडाभराची पाळी उलटीपालटी झाली, मोठ्या आईची रोवणी दोन दिवस मागं पडली, आणि एकीनंही मला ते बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळी गावात उतरले ती सरळ बांधीकडं गेले. रोवणी संपली होती. बायका निघून गेल्या होत्या, मोठी आई एकटी पाटाच्या पाण्यात हातपाय धूत होती. प्रवेश झाला म्हणून सांगितलं. "बेस झालं," म्हणाली. मग मला राहवलं नाही.

"मोठी आई, मी मुद्दाम उपटले पऱ्हे. माया दिवस चुकला नव्हता."

"माहीत हाय."

"कसं काय?"

"सोमवारी तूच मले साऱ्यांच्या पाळ्या तोंडपाठ म्हणून दाखवली. तुया दिवस कसा चुकन?"

"मंग काल काऊन नाई बोलली?"

ती टाचेचा चिखल काढायला लागली. मग म्हणाली, "मी सातवी पास झाली होती. ब्रह्मपुरीच्या वसतिगृहात नाव लागलं होतं. मास्तर न्यायले येणार होते. मले भेव वाटलं. आदल्या दिशी मी सारे पऱ्हे उपटून ठेवली."

"मंग?"

"मास्तर आले. बापानं त्याईले पेंढ्या दाखवल्या, रोवणी हाय म्हणे. मास्तर म्हणाले, पोरगी मोठी कामाची हाय. आईबी म्हणाली, कामाची हाय. मी बांधीत उभी राहून वाट पाहून राह्यली होती, कोणीतरी जा म्हणन. कोणीच म्हटलं नाई."